तिजानीची गाडी एकदाची आत गेली

तिजानीच्या गॅरेजात काय काय होतं ते विचारू नका, संध्याकाळ होईल. काय नव्हतं ते विचारा, पटकन सांगून होईल. गाडी नव्हती.

गाडी बाहेर, तुतीच्या झाडाखाली. एकोणीस वर्षं तुतीनं तिच्यावर इतका रंग सांडला होता की मूळची पांढरी गाडी सरकारी कागदावर तेवढी पांढरी उरली होती. आणि आत? आत त्याच्या बायकोची, झकियाची, वर्षाची बेगमी. कुसकुसच्या बरण्या, हरिसाच्या म्हणजे मिरचीच्या ठेच्याच्या बरण्या, वाळल्या मिरच्यांच्या माळा, संत्र्याच्या फुलांचं पाणी काढायचं तांब्याचं यंत्र, त्याच्या तीन नळ्या, त्यातली एक फुटकी. आणि तिजानीचं म्हणाल तर, तो शाळेच्या कोठारावर तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. वस्तू टाकून द्यायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मुलीची तीनचाकी सायकल, तिची बारा वर्षांची बारा दप्तरं, तिचा पाळणा, पाळण्याची मच्छरदाणी, मच्छरदाणीत अडकून मेलेला एक डास. हो, तोसुद्धा जपून ठेवलेला. रिहामला पहिल्यांदा चावलेला तो म्हणे.

रिहाम ही त्यांची एकुलती एक. एका कचेरीत घरांचे नकाशे काढायची. हुशार, कमी बोलणारी, आणि गेली तीन वर्षं कुंभारआळीतल्या वजदीशी लग्न करायचं म्हणून शांतपणे अडून बसलेली. वजदी सोन्यासारखा मुलगा. त्याचे वडील, हाज अम्मार, आमच्या नाबुल गावातले जुने कुंभार, तर मागणी घालायला सात वेळा येऊन गेले होते.

सातही वेळा एकच. हाज अम्मार बसायचे, कॉफी यायची, ते घसा खाकरून, मानाचं 'सी' लावून म्हणायचे, "तर सी तिजानी, आपण ज्या कामासाठी आलो..." की तिजानी उठलाच.

"एक मिनिट हां, खालून पेचकस घेऊन येतो."

आणि जो खाली गॅरेजात जायचा तो पाहुणे गेल्यावरच वर. एकदा तर हाज अम्मार रात्रीच्या नमाजापर्यंत बसले. तिजानी तिकडे कुसकुसच्या पिंपामागे बसून जुन्या कुलपांना तेल घालत होता.

सातव्या वेळेनंतर झकिया खवळली. ती भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अहो रिहामचे बाबा, तुम्हाला पोरगी द्यायची नाही का? तसं सांगून टाका. लोकांना हेलपाटे कशाला?"

"असं कुठं म्हटलं मी?" तिजानी म्हणाला. "पण व्याही येणार, घर बघणार, गॅरेज बघणार. हा उकिरडा दाखवू त्यांना? आधी गॅरेज लागू दे. ज्या दिवशी माझी गाडी आत जाईल आणि मागे शटर खाली येईल, त्या दिवशी मी बसतो बोलायला. शब्द दिला."

सगळी गल्ली हसली, आणि तो शब्द कुंभारआळीपर्यंत पोचला. समोरची मबरूका मावशी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. ती वरूनच म्हणाली, "म्हणजे रिहामचं लग्न तिच्या नातीच्या लग्नाबरोबरच लावा आता."

तिजानीसुद्धा मनात हसला. त्या गॅरेजात उंदराला वळायचं झालं तर तो आधी बाहेर येऊन, तोंड फिरवून, पुन्हा आत जायचा. गाडी कुठली जाते!

रिहाम मात्र हसली नाही. शुक्रवारी सकाळी ती मोजायची फीत घेऊन खाली उतरली.

"काय करतेस गं?" तिजानीनं विचारलं.

"मोजतेय, बाबा."

"हं. एकही वस्तू टाकायची नाही हां. आधीच सांगतो."

"नाही टाकणार."

टाकली नाही हो तिनं एकही वस्तू. नऊ आठवडे ती दर शुक्रवारी उतरायची, आणि दर शुक्रवारी गॅरेजची जमीन हातभर जास्त दिसायला लागायची. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. फळीची उंची बरणीएवढी, वर एक बोट. छताला कप्प्या बसवून पाळणा, सायकल, शिडी दोरीनं वर ओढून टांगली. मोठ्या पातेल्यात मधलं, मधल्यात धाकटं, धाकट्यात तांब्याचं यंत्र, यंत्रात नळ्या आणि नळ्यांत लाटणी. दप्तरांत दप्तरं. गाडीच्या नाकावर जी पोकळी राहते तिथेसुद्धा भिंतीतून एक फळी काढली. त्या नऊ आठवड्यांत छताचे कोळी आपणहून मबरूका मावशीकडे राहायला गेले, इतकी जागा भरली.

तिजानी घाबरला. तो गुपचूप भर घालायला लागला. एके दिवशी कुणाचा तरी मोडका पंखा उचलून आणला.

"हा राहू दे, दुरुस्त करीन."

रिहामनं पंख्याची पाती काढली, फळीमागे उभी सरकवली. पंखा नाहीसा. मग त्यानं दगडी जातं आणलं. जातं पायरी झालं. मग मेहुण्याकडून लोकरीची मोठी गादी आणि बारा रजया घेऊन आला. "थंडीत लागतील," म्हणाला. तेव्हा ऑगस्ट चालू होता, कुत्रीसुद्धा सावली बदलत फिरत होती.

रिहाम गादीकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग गाडीकडे बघितलं.

"बाबा, गाडीची मागची सीट कोण वापरतं?"

"कुणी नाही. का?"

"काही नाही." आणि गादी, बारा रजया, सगळं गाडीच्या मागच्या सीटवर आणि डिकीत, पार टपापर्यंत. वर वीतभर फट तेवढी उरली, आरशातून मागचं दिसायला. "गाडी आत उभी राहणारच आहे तर रिकामी कशाला उभी राहायची?" ती म्हणाली.

दहाव्या शुक्रवारी दुपारी रिहामनं फीत गुंडाळली आणि म्हणाली, "बाबा, आत घ्या."

तिजानीनं गॅरेजकडे बघितलं. समोर एक बोगदा होता, बरोब्बर गाडीच्या मापाचा. तो एक पाऊल मागे सरला. पण शब्द दिलेला, आणि झकिया कमरेवर हात ठेवून उभी. बसला बिचारा गाडीत.

"आरसे दुमडा," रिहाम म्हणाली. "छतावरून एक मिरची लोंबतेय बघा. ती काचेला टेकली की थांबायचं. अलीकडे नाही, पलीकडे नाही."

"या, या, या," झकिया पुढून हात हलवत होती. "डावीकडे! तुमची डावी हो, माझी नाही! या बाजूला दोन बोटं आहेत. त्या बाजूला दोन बोटं. श्वास सोडू नका, पोट लागेल कुठेतरी!"

शेवटच्या हातभर जागेत ती स्वतः गाडीखालून सरपटत बाहेर आली. गाडी इंच इंच आत. मिरची काचेला टेकली. झकियानं शटरला हात घातला आणि खाली ओढलं. खर्रर्र करत शटर जमिनीला टेकलं. गाडीच्या मागच्या दिव्यापासून एक बोट दूर.

एकोणीस वर्षं! झकियाला राहवलं नाही. तिनं डोकं मागे टाकलं, ओठांवर हात धरला आणि जीभ नाचवत अशी एक लांबलचक झगरूता, लग्न ठरलं की बायका देतात ती आनंदाची आरोळी, सोडली की मशिदीच्या मनोऱ्यावरची कबुतरं शेजारच्या गावाला गेली.

आत तिजानीनं गाडीचं दार उघडलं. दार एक बोट उघडलं आणि टण्ण. हरिसाची फळी. वर चाळीस बरण्या, सगळ्या थरथरल्या. त्यानं दार हळूच लावून घेतलं. दुसरं दार उघडून बघितलं. टण्ण. कुसकुस. मागे वळून बघितलं, तर गादी.

"झकिया!" तो ओरडला. "अगं, दार उघडत नाही!"

झकिया दुसरी झगरूता मारत होती. तिला काय ऐकू येणार?

मग त्यानं हॉर्न वाजवला. आता माणूस घाबरला की बोटं आपल्या सवयीनं चालतात. आमच्या इकडे जन्मभर गाडीचा हॉर्न जोरात वाजवायची वेळ येते ती वरातीतच. तिजानीच्या बोटांना दुसरा ठेका माहीतच नव्हता. पीं, पीं, पीं-पीं-पीं!

समोरच्या गच्चीवर मबरूका मावशी मिरच्या उलटत होती. तिनं झगरूता ऐकली. तिजानीच्या घरातून. मग वरातीचा हॉर्न ऐकला. तोही तिजानीच्या घरातून. तिच्या हातातली मिरची खाली पडली.

"ठरलं गं बाई! रिहामचं ठरलं!" आणि तिनं गच्चीवरून उलट झगरूता दिली. ती पलीकडच्या गच्चीवर ऐकू गेली, तिथून तिच्या पलीकडच्या. गल्लीतल्या गाड्यांनी हॉर्न धरले. पाव भाजून व्हायच्या आत बातमी मशिदीच्या चौकात होती, आणि चौकातून कुंभारआळीत.

कुंभारआळीत वजदी चाकावर बसला होता.

"तिजानीच्या रिहामचं ठरलं म्हणे," कुणीतरी म्हणालं.

"कुणाशी?" वजदीनं विचारलं.

"तुला माहीत नाही?"

चाकावरचा रांजण वाकडा झाला, तो अजून त्यांच्या दुकानात आहे. हाज अम्मारनी जुब्बा चढवला, वजदी कोपरापर्यंत मातीनं बरबटलेला तसाच पिकअपमध्ये चढला, आणि दोघे निघाले.

इकडे झकियाला एकदाचं नवऱ्याचं ओरडणं ऐकू आलं. तिनं घाईघाईनं शटर वर केलं, तोवर मागे अर्धी गल्ली जमली होती. खुर्च्या आल्या होत्या, मकरूदची, खजूर भरलेल्या वड्यांची, ताटं आली होती, कुणी साखर आणली होती, कुणी अंडी. मबरूका मावशीनं आपली खुर्ची बरोब्बर गॅरेजच्या तोंडाशी मांडली आणि बैठक मारली. मावशी बसली की तिथून दुसरं काही जात नाही.

"बाई गं," मावशी आत डोकावून म्हणाली, "मुलीचा बाप आत्ताच वरातीच्या गाडीत जाऊन बसला! एवढी घाई?"

"मावशी, सरका जरा, गाडी मागे घ्यायचीय," आतून तिजानीचा आवाज आला, गादीतून गाळून.

"आधी तोंड गोड करू दे! मुबारक हो झकिया. मुलगा कोण?"

झकियानं तोंड उघडलं. गाडी आत गेली म्हणून ओरडले, हे ती सांगणारच होती. तेवढ्यात तिची नजर रिहामवर पडली. रिहाम भिंतीला टेकून फीत उलगडत होती, पुन्हा गुंडाळत होती. झकियानं तोंड मिटलं.

"कॉफी टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

इतक्यात पिकअप आला आणि गॅरेजच्या तोंडाशी आडवा थांबला. हाज अम्मार उतरले. 

"तिजानी कुठाय?"

"गाडीत," मबरूका मावशी म्हणाली.

हाज अम्मारनी स्वतः डिकीचं दार वर केलं. समोर लोकरीच्या गादीचा डोंगर. डोंगराच्या माथ्यावर वीतभर फट, फटीपलीकडे आरसा आणि आरशात तिजानीचे दोन डोळे.

"कुणाला दिलीस पोरगी?" हाज अम्मारनी त्या डोळ्यांना विचारलं.

"कुणाला नाही! आईशप्पथ कुणाला नाही!" तिजानी कळवळला. "गाडी आत गेली हो! एवढंच झालं. गाडी आत गेली म्हणून ही बाई ओरडली!"

 एका बाईनं आणलेली अंडी हळूच पदराखाली घेतली.

"गाडीसाठी झगरूता?" मबरूका मावशी म्हणाली. "माझ्या पाच मुलांना मिळून एवढी नाही मारली कुणी."

पण हाज अम्मारचा चेहरा बदलत चालला होता. भट्टीतलं भांडं पक्कं भाजलं गेलंय हे कळल्यावर कुंभाराचा होतो तसा.

"गाडी आत गेली?" ते म्हणाले. "पूर्ण?"

"मिरचीपर्यंत," रिहाम म्हणाली.

"आणि शटर खाली आलं होतं?"

"आलं होतं!" मबरूका मावशीनं हात वर केला. "मी गच्चीवरून बघितलं. जमिनीला टेकलं होतं."

हाज अम्मारनी पिकअपची किल्ली काढली, सगळ्यांना दाखवली आणि जुब्ब्याच्या खिशात टाकली. मग एक खुर्ची ओढून ते डिकीसमोर बसले.

"तर सी तिजानी," ते घसा खाकरून म्हणाले, "आपण ज्या कामासाठी आलो..."

आरशातले डोळे उजवीकडे गेले, डावीकडे गेले. पेचकस आणायला जायचं कुठे? पेचकस तर डोक्यावरच टांगलेला होता.

झकिया कॉफी घेऊन आली. पण मुलीच्या बापाला कॉफी पोचवायची कशी? शेवटी कोपऱ्यावरच्या भट्टीतून पाव आत सारायची लांब दांड्याची फळी आणली. फळीवर कप ठेवला, आणि भट्टीवाल्यानं स्वतः तो गादीवरून, फटीतून, एक थेंब न सांडता तिजानीच्या कानापाशी नेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागाहून मकरूदही तसेच गेले. तीनदा गेले. माणूस अडकला तरी भूक अडकत नाही त्याची.

कॉफी संपली. तिजानी समोरच्या मिरचीकडे बघत होता. मिरचीच्या मागे, छताला, तो पाळणा टांगलेला होता.

"रिहाम," तो शेवटी म्हणाला. आवाज एवढासा. "तुला जायचंय का गं?"

"बाबा, चार गल्ल्या पलीकडे तर जायचंय."

"आज चार गल्ल्या. मग पोरंबाळं, मग कामं. मग सणासुदीला. मला ठाऊक आहे. मी माझ्या आईकडे असाच जायचा बंद झालो."

आता मात्र गल्लीत कुणी हसलं नाही. मबरूका मावशीनंसुद्धा मकरूद खाली ठेवला.

"तो मुलगा कुठाय?" तिजानी म्हणाला. "माझ्या आरशात ये."

वजदी फटीसमोर येऊन वाकून उभा राहिला. माती वाळून त्याचे हात भांड्यासारखे दिसत होते.

"घर केवढं आहे तुझं?"

"दोन खोल्या, काका. तिसरा मजला."

"गॅरेज?"

"नाही."

"माळा?"

"नाही, काका."

"गच्चीवर कोठी?"

"आहे, पण घरमालकाची."

"मग हिच्या रजया कुठे ठेवणार? हरिसा? कुसकुस? वसंतात फुलांचं पाणी काढायचं यंत्र?"

वजदीची मान खाली गेली. संपलं सगळं, असं वाटलं त्याला. पण खोटं बोलायची सवय नव्हती पोराला.

"कुठेच नाही, काका," तो म्हणाला. "जागाच नाही."

आरशातले डोळे मोठे झाले.

"अजिबात नाही?"

"एका रजईचीसुद्धा नाही."

"म्हणजे..." तिजानी बोटं मोजायला लागला, ती बोटं आरशात दिसत होती. "थंडी आली की रजई न्यायला इथे. थंडी गेली की ठेवायला इथे. महिन्याला हरिसा. पंधरा दिवसांनी कुसकुस. वसंतात यंत्र, सायकल, पाळणा..." पाळण्यापाशी त्याचं बोट थोडं अडखळलं. "सगळं इथेच राहणार?"

"तुमची हरकत नसेल तर," वजदी बिचकत म्हणाला.

"वाचा फातिहा!" तिजानी ओरडला, इतक्या जोरात की चाळीस बरण्या पुन्हा थरथरल्या. "बघत काय बसलात? हात उचला!"

गल्लीनं हात उचलले. हाज अम्मारनी गादीसमोर फातिहा म्हटली, म्हणजे सोयरीक पक्की. आरशात तिजानीचे दोन तळवे वर झालेले दिसत होते. 'आमीन' झालं मात्र, मबरूका मावशीनं खुर्चीवरून न उठता जी झगरूता मारली, ती या वेळी योग्य कारणासाठी होती. अंडीही पुन्हा पदराबाहेर आली.

मग किल्ली खिशातून निघाली, पिकअप हलला, मावशीला चौघांनी हलवलं आणि गाडी उलटी बाहेर आली. तिजानी उतरला. पाय मोकळे केले. मग मुलीपाशी जाऊन हळूच म्हणाला, "तू बोटाबोटाचं मोजतेस. गाडीचं दार उघडायला जागा लागते, हे नाही मोजलंस?"

रिहामनं फीत खिशात ठेवली.

"मोजलं होतं, बाबा," ती म्हणाली. "मोजूनच ठेवलं होतं."

लग्न ऑक्टोबरात झालं. रुखवत आलं, भेटी आल्या, आणि जे तिसऱ्या मजल्यावर मावलं नाही ते सगळं गॅरेजात आलं. गाडी पुन्हा तुतीखाली. मबरूका मावशी अजून गच्चीवरून विचारते, "काय सी तिजानी, गाडी कधी आत घेताय?" तो नुसता हात हलवतो.

डिसेंबरात गार वारं सुटलं तशी रिहाम एका संध्याकाळी रजई न्यायला आली. पाच मिनिटांत निघते म्हणाली. वजदी तिकडे घरी तिच्यासाठी जेवायचा थांबला होता.

तिजानी तिला गॅरेजात घेऊन गेला. रजया होत्या सगळ्यात आत. त्यांच्यापुढे गादी, गादीपुढे पातेली, पातेल्यांपुढे जातं, जात्यापुढे बारा दप्तरं. एकेक बाहेर काढता काढता कॉफी झाली, मग सूप झालं. मग एका दप्तरातून तिसरीतलं निबंधाचं पान निघालं, ते वाचून झालं. शेवटी वजदीलाच इकडे जेवायला बोलावून घेतलं.

"बाबा," रिहाम धापा टाकत म्हणाली, "रोज लागणारी वस्तू कुणी एवढी आत ठेवतं का?"

तिजानी रजईवरची धूळ झटकत होता, नव्हती तरी.

"मोजूनच ठेवलीय," तो म्हणाला.